उपाशीपोटीची साखर

माझी बायको रात्री उठून चोरून गूळ खाते, असं मी एका सकाळी ठरवून टाकलं. ठरवताना मला वाईट वाटलं नाही. उलट अडलेलं गणित सुटल्यावर मुलांना वाटतं तसं हलकं वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याविषयी कुणाचा चांगला गैरसमज व्हायला नको.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षं. मी अंथुर्ण्याच्या शाळेत मास्तर होतो. घरात आम्ही तिघंच, आई, मी आणि ती. दोन मुलं झाली होती, दोन्ही जन्मताच गेली. तिचं माहेर कळंबचं. तिच्या भावांच्या रानात कालव्याचं पाणी फिरलेलं, त्यामुळे ऊस होता आणि दर थंडीत गुऱ्हाळ लागायचं. गुऱ्हाळ उरकलं की भाऊ एक ढेप बैलगाडीत घालून आमच्याकडे आणून टाकी. दारात कुणीही येवो, आधी गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, मग काय ते बोलणं, ही आमच्याकडची रीत. तो खडा फोडून द्यायचं काम तिचं. आलेला माणूस म्हणायचा, "मास्तर, गूळ लई झ्याक हाय," आणि ती पदराआड हसायची, कारण गूळ तिच्या माहेरचा होता.

मग तिला तहान लागायला लागली. तहान म्हणजे घागर रिकामी व्हायची. रात्रीतून चारपाचदा उठायची. भरलेलं अंग उतरत गेलं, चोळ्या ढिल्या झाल्या. आईला वाटलं, दृष्ट लागली. एक दिवस मोरीत, ती रात्री लघवीला बसायची तिथे, मुंग्यांची रांग दिसली, ती मी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकून तिला बारामतीला घेऊन गेलो.

बारामतीचे डॉक्टर वयस्क होते, सावकाश बोलत. त्यांनी सांगितलं, मधुमेह आहे. गूळ, साखर, भात बंद. भाकरी अर्धी. ताक, पालेभाजी हवी तेवढी. टोचायचं औषध पुण्याला मिळतं, पण आधी पथ्याने काय होतं ते पाहू. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, ती म्हणजे पायाला जपा, या रोगात पाय बधिर होतात, लागलेलं कळत नाही, अनवाणी फिरू देऊ नका. मी लगेच बाजारातून तिला वहाणा घेतल्या. आमच्या घराण्यात बायकांनी वहाणा घालायची पद्धत नव्हती. आई काही दिवस तिच्या पायांकडे बघत नुसती सुस्कारे टाकत होती.

निघताना डॉक्टरांनी मला एक निळ्या औषधाची बाटली, काचेची नळी आणि स्पिरिटचा लहानसा दिवा दिला. चमचाभर निळं औषध नळीत घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर फार. "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात, हे तुम्हीच करा आणि लिहून ठेवा," असं ते म्हणाले. मी केवढा फुगलो म्हणून सांगू. गावात शाळेबाहेर शिकलेपणाचा कुणाला काही उपयोग नव्हता, तो आता घरात होणार होता.

मी एक वही केली. रोज दिवेलागणीला, जेवणाआधी, एक परीक्षा, आणि सकाळी उठल्या उठल्या दुसरी. ती लाजायची. भांडं पदराखाली झाकून आणून माझ्यासमोर ठेवायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची, पण चूल पेटवता पेटवता तिचे कान माझ्याकडे असायचे. मी मुद्दाम उशीर लावून निकाल सांगायचो. शाळेत पेपर वाटताना हीच माझी खोड होती.

पथ्य तिने कडक पाळलं. महिन्याभरात संध्याकाळची नळी निळी राहायला लागली, फार तर जराशी हिरवट. पण सकाळची नळी लालच. संध्याकाळी निळी, रात्री अर्धी भाकरी आणि माठाची भाजी, त्यावर काही नाही, आणि सकाळी वीट. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, रोज. मी वही उलटसुलट चाळली. संध्याकाळी साखर नाही आणि सकाळी आहे, तर ती मधल्या वेळात पोटात गेली असली पाहिजे. ती कुठून जाणार? तोंडातून. घरात गोड काय आहे? ढेप. झालं माझं गणित.

बारामती काही विलायतेत नव्हती. उत्तर बरोबर आहे का, हे डॉक्टरांना विचारून यायला एक दिवस पुरला असता. पण उत्तर येतंय म्हटल्यावर विचारायला कोण जातो?

मी तिला म्हणालो, "रात्री गूळ खातेस ना?"

ती भाकरी थापत होती. तिला आधी थट्टा वाटली. मग माझं तोंड बघून तिचे हात थांबले. "अवं, न्हाय. कशाला खाईन? माजं मला कळत न्हाय व्हय?"

"नळी खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते व्हय?"

मी उठलो. गुळाचं मडकं उचललं, माझ्या पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलं. आलेल्या माणसाला गूळपाणी देताना आता पेटी उघडायला मी उठायचो. शेजारणी काय ते समजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नळी लाल आली. मी म्हटलं, आणखी कुठेतरी लपवून ठेवला असेल. आईने सगळी उतरंड उतरवली, धान्याच्या कणग्यांत हात घातले. काही सापडलं नाही. न सापडल्याने तिची चोरी आम्हाला आणखी पक्की वाटली.

आमच्या घराचं कुलदैवत खंडोबा. खरं-खोटं करायचं झालं तर देवापुढे हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन बोलायचं, आणि मग त्यावर कुणी काही बोलायचं नाही. भाऊबंदकीतले बांधाचे तंटेसुद्धा असेच मिटत. आईने एका शनिवारी संध्याकाळी देवाऱ्यापुढे दिवा लावला आणि तिला म्हणाली, "उचल भंडारा."

मी शिकलेला माणूस, अडवायला हवं होतं. मी भिंतीला टेकून बघत राहिलो.

तिने जराही आढेवेढे घेतले नाहीत. जणू हे कुणीतरी कधी म्हणेल म्हणून वाटच बघत होती. ओंजळीत बेलभंडारा घेतला आणि म्हणाली, "रोग झाल्यापासनं माज्या तोंडात गूळ गेला न्हाय. गेला आसंल तर ह्यो देव मला बगून घील." तिच्या कपाळाला आईने भंडारा लावला. त्या रात्री तिला शांत झोप लागली, मला ते आठवतं.

रविवारी सकाळी नळी लाल आली. इतकी लाल की तिच्यातून पलीकडचं दिसेना.

आईच्या पाचावर धारण बसली. गूळ खाण्याचं आईला फारसं काही नव्हतं, बाईमाणसाची जीभ आहे असं ती म्हणत असे. पण भंडारा उचलून खोटं बोलणं म्हणजे घरावर कोप. माझी आई दुष्ट नव्हती. ती मनापासून घाबरली होती, आणि घाबरलेली माणसं जे करतात ते तिने केलं. त्या दिवसापासून सुनेने देवाऱ्याला हात लावायचा नाही, देवाचं पाणी भरायचं नाही. ती तिला ओरडली नाही. फक्त नैवेद्याचं ताट तिच्या हातून काढून घेतलं.

सात-आठ दिवस बायको कुणाशी बोलली नाही. मग एक दिवस मी शाळेतून आलो, तर दारातच मला म्हणाली, "मला वाटतं, मी झोपंत खात आसंन."

"झोपेत?"

"झोपंत मानसं चालत्यात म्हनं. आमच्या कळंबला एक म्हातारी हुती, ती झोपंत जातं वडायची. तुमची नळी खोटी न्हाय, मी बी खोटी न्हाय. मग दुसरं काय आसनार? रातीला माजा हात बांदा."

आमच्या दोघांत सत्याचा शोध घेणारी ती होती. मी नुसता वही लिहीत होतो.

आईच्या वातीच्या कापसाचं कच्चं सूत तिनेच आणलं. जरा ओढलं तरी तुटावं असं. त्याचं एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या. गूळ पेटीत, पेटीची किल्ली जानव्यासारखी माझ्या गळ्यात. सकाळी उजाडलं तेव्हा सूत होतं तसं होतं. गाठीसुद्धा मीच मारलेल्या, शाळेत तंबूची दोरी बांधायला शिकवतात तशा. माझ्याकडचं टोक मी सोडलं, पण तिच्या मनगटाचं तिने सोडू दिलं नाही. हाताला तसंच ठेवून तिने भांडं आणून दिलं आणि पहिल्यांदाच आत न जाता तिथे बसून राहिली. आई उंबऱ्यात उभी राहिली.

मी दिवा पेटवला. नळी वर धरली तेव्हा माझी पाठ दोघींकडे होती. औषध हिरवं झालं, पिवळं झालं, आणि लाल झालं.

तेवढ्या क्षणात मला सगळं कळलं. ती काही खात नव्हती. कधीच खाल्लं नव्हतं. साखर कुठून येते ते मला ठाऊक नव्हतं, पण तोंडातून येत नव्हती एवढं त्या सुताने सांगितलं होतं. म्हणजे कुलूप खोटं, उतरंड खोटी, आईची भीती खोटी, आणि देवापुढे बोललेली ती तेवढी खरी. हे आता मागे वळून दोघींना सांगायचं होतं. "माझं चुकलं" हे दोन शब्द मी उभ्या जन्मात कुणाला म्हटलेले नव्हते. मुलाचं गणित बरोबर आणि माझं चूक निघालं तर मी फळा पुसायचो.

"काय आलं रं?" आईने विचारलं.

"निळी," मी म्हणालो, आणि नळी मोरीत ओतली. वहीतही लिहिलं, निळा.

मला वाटलं, तिला आनंद होईल. खरंच वाटलं, निदान अर्ध्या मनाने तरी. साखर नाही म्हटल्यावर हसेल, आणि इथेच सगळं मिटेल. ती हसली नाही. मनगटावरच्या सुताकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बांदल्यावर निळी आली. म्हंजी मीच खात हुते."

मी नळी धुवायला घेतली.

ती उठली आणि आईच्या पायावर डोकं ठेवून रडली. "आत्याबाई, मला ठावं नव्हतं वो. झोपंत खाल्लं. भंडारा उचलला तवा मला खरंच ठावं नव्हतं." आईने तिला उठवून जवळ घेतलं. कित्येक दिवसांनी त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, आणि मी ते बघत दिव्याची वात विझवली.

आई म्हणाली, "झोपंतलं पाप न्हाय लागत. पर भंडारा उचलला हुतास, त्ये फेडाय पायजे." माळावर खंडोबाचं ठाणं होतं, गावापासून दोन कोस. पाच ऐतवार, उपाशीपोटी, अनवाणी.

अनवाणी हा शब्द मी ऐकला. डॉक्टरांनी दोनदा सांगितलेलं मला आठवलं. मी म्हणालो, "वहाणा घालून गेली तर नाही का चालणार?" आईच्या आधी तीच म्हणाली, "वहाना घालून कुटं पाप फिटतं?" त्यावर मी एक वाक्य बोललो असतो तर सगळं थांबलं असतं. पाच रविवार मला ते वाक्य बोलायची संधी मिळाली. दर रविवारी पहाटे ती उठायची, न्हायची, ओल्या केसांनी माळाची वाट धरायची, आणि मी अंथरुणात डोळे मिटून पडलेला असायचो. झोपेचं सोंग घेणं मला चांगलं जमायला लागलं होतं. नळी मी पुन्हा काढली नाही. औषध संपलं, असं घरात सांगितलं.

पाचव्या रविवारी ती परत आली तेव्हा आई पुरणपोळ्या करत होती, देवाला आणि आम्हाला. बायको फार समाधानात होती. आईने तिला देवाऱ्यात दिवा लावायला सांगितलं. ती आत गेली, आणि सकाळीच सारवलेल्या जमिनीवर मला ओले डाग दिसले. डाव्या पायाचे तेवढे. मी तिला बसवून पाय बघितला. टाचेपाशी बाभळीचा काटा मोडून आत गेलेला, भोवतीचं मांस काळं पडलेलं, आणि वास येत होता. कधी मोडला, तिला ठाऊक नव्हतं. "दुकत न्हाय," ती म्हणाली. "दुसऱ्या ऐतवारी कायतरी खुपल्यावानी वाटलं हुतं जरा."

बारामतीला नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. अनवाणी चालली का, हे त्यांनी विचारलं नाही, ते दिसतच होतं. पुण्याला नेऊन पाय काढावा लागेल, तेही आता उपयोगी पडेल की नाही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. तिने साफ नकार दिला. घरी न्या, म्हणाली. ताप चढलेला होता. बैलगाडीत उसाच्या पाचटावर गोधडी घालून मी तिला परत आणलं.

शेवटच्या दोन दिवसांपैकी एका दुपारी ती शुद्धीवर होती. आई आडावर गेली होती. मी तिच्या उशाशी बसून सांगितलं. त्या सकाळी नळी लाल आली होती. तू काही खाल्लं नव्हतंस. कधीच नाही. मी खोटं सांगितलं.

ती वरच्या तुळईकडे बघत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "कळलं मला."

मग म्हणाली, "आदी सांगायचं न्हाय व्हय. पाच ऐतवार चालले मी."

रागाने नाही बोलली. रागाने बोलली असती तर मी आज सुटलो असतो. तिने पाणी मागितलं, मी पाजलं, आणि मग ती म्हणाली, "आत्याबाईस्नी सांगा. म्हनावं, भंडारा मी खरा उचलला हुता." मी तिच्या हातावर हात ठेवून हो म्हणालो.

ती गेली, त्यानंतर दीड वर्षाने मी मास्तरकीच्या वरच्या परीक्षेसाठी पुण्याला गेलो. वही बरोबर नेली होती. तिथल्या एका नावाजलेल्या डॉक्टरांकडे मी गेलो, रोगी म्हणून नाही, नुसतं विचारायला. त्यांनी सगळी वही शांतपणे पाहिली. म्हणाले, यात नवल काहीच नाही. माणूस उपाशी झोपला तरी शरीर उपाशी राहत नाही. यकृतात साखरेचा साठा असतो, तो रात्रभर थोडाथोडा रक्तात सुटत असतो, आणि उठायची वेळ जवळ आली की काही माणसांत जास्तच सुटतो. धडधाकट माणसाला त्याला आवर घालता येतो. मधुमेहात तो आवर सुटलेला असतो. म्हणून रात्री निळी असलेली नळी सकाळी काही न खाता लाल होते. पुष्कळ रोग्यांचं असंच असतं, आणि घरची माणसं त्यांच्यावर उगाच संशय घेतात.

मग त्यांनी वहीच्या एका पानावर बोट ठेवलं. "हा एकच दिवस मला समजत नाही," ते म्हणाले. "आधीच्या सगळ्या सकाळी लाल, आणि शेवटची ही एकच निळी कशी?"

मी त्यांना सांगितलं. तिच्याखेरीज हे सांगितलं ते फक्त त्या परक्या माणसाला. त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत.

पुण्याहून दौंड, दौंडहून छोट्या गाडीने बारामती, तिथून मोटार. सगळ्या वाटेत मी आईला सांगायची वाक्यं जुळवत होतो. आता माझ्याकडे नुसतं माझं खोटं नव्हतं, डॉक्टरांचं शास्त्र होतं. आईला समजेल अशा भाषेत सांगायचं होतं. साखर शरीरच सोडतं, तिने खाल्ली नाही, तिचा भंडारा खरा होता.

घरी पोचलो तो रविवार होता. आई देवाऱ्यापुढे बसली होती. अलीकडे तिला नीट दिसत नसे, चाचपडत ती खंडोबाच्या टाकाला भंडारा वाहत होती. पाऊल वाजल्यावर तिने ओळखलं आणि म्हणाली, "आलास? बस. तिच्या नावानं वाहते हाय. दर ऐतवारी वाहते. तिचं उरलंसुरलं फिटू दे. तिकडं तरी सुकात राहू दे तिला."

माझ्या तोंडाशी आलेलं पहिलं वाक्य तिथेच राहिलं. ते वाक्य बोललो असतो तर पाच रविवार तिनेच सुनेला उपाशी, अनवाणी माळावर पाठवलं, हे आईला त्या मिनिटाला कळलं असतं. निदान त्या वेळी मी स्वतःला हेच कारण दिलं. आई आणखी चार वर्षं जगली, आणि त्या चार वर्षांतले सगळे रविवार मी दुसरं कारण शोधत होतो.

"पुन्याला काय काय झालं?" आईने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "परीक्षा चांगली गेली."